एका फंक्शनमधून अनेक ओळी: पोस्टग्रेसमध्ये दहा दिवसांचं दूधबिल

सभासद क्रमांक आणि दोन तारखा द्यायच्या, आणि फंक्शनने त्या दहा दिवसांच्या सगळ्या खेपा ओळीने परत द्यायच्या: तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, दर, रक्कम. मागणी साधी आहे. पण पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या हाती एकच ओळ येते, दुसऱ्या प्रयत्नात एरर येतो, आणि तिसऱ्यांदा सगळं बरोबर चालतं पण संकलनाचं टेबल मोठं झाल्यावर बिल निघायला वेळ लागू लागतो. तिन्हीचं मूळ एकच: अनेक ओळी परत करायचे तीन-चार मार्ग आहेत, ते बाहेरून सारखे दिसतात, आतून मात्र अगदी वेगळे चालतात.

उदाहरणापुरती दोन टेबलं पुरेत. ‘सभासद’मध्ये क्रमांक (इंटिजर) आणि नाव (व्हारकार ६०). ‘संकलन’मध्ये सभासद_क्र, तारीख (डेट), सत्र (स्मॉलइंट, सकाळी १, संध्याकाळी २), लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दर. सभासद_क्र, तारीख, सत्र या तिघांवर मिळून प्रायमरी की. या कीचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पुढच्या क्वेरी याच क्रमाने शोधतात, आधी सभासद, मग तारीख.

सत्राला आकडा का, ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ असे शब्द का नाहीत? कारण डेटाबेसची कोलेशन (शब्दांचा क्रम लावायची पद्धत) ‘सी’ असेल तर अक्षरं युनिकोड क्रमाने लागतात. त्या क्रमात अनुस्वार ‘क’च्या आधी येतो, म्हणून ‘संध्याकाळ’ हा शब्द ‘सकाळ’च्या आधी लागतो. बिलात रोज संध्याकाळचं दूध वर आणि सकाळचं खाली छापलं जाईल.

पुढच्या नमुन्यांत एसक्यूएलचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना क्रिएट, सिलेक्ट वगैरे शब्द आणि सगळे आकडे इंग्रजी लिपीतच हवेत. टेबलांची, कॉलमांची आणि फंक्शनची नावं मात्र युटीएफ-८ डेटाबेसमध्ये देवनागरीत जशीच्या तशी चालतात, अवतरणचिन्हंही लागत नाहीत. तीन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात.

पहिली, नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून २१ चिन्हं. त्यापुढचं नाव नुसती सूचना देऊन कापलं जातं. दुसरी, मराठी अंक. ‘१०’ असं देवनागरीत टाइप केलं तर पोस्टग्रेस त्याला संख्या मानत नाही. ते एखाद्या कॉलमचं नाव आहे असं समजून ‘असा कॉलम नाही’ म्हणतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत छळते. ‘शेतकऱ्यांची’मधला ‘ऱ्य’ एखादा कीबोर्ड ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने उमटवतो, तर दुसरा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पोस्टग्रेसच्या लेखी ती दोन वेगळी नावं, आणि टेबल डोळ्यांसमोर असून ‘रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट’. नावात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ टाळलेलं बरं.

पहिला मार्ग: साधी एसक्यूएल भाषा

क्रिएट फंक्शन दूध_बिल (प_सभासद इंटिजर, प_पासून डेट, प_पर्यंत डेट)
रिटर्न्स टेबल (तारीख डेट, सत्र स्मॉलइंट, लिटर न्यूमेरिक, दर न्यूमेरिक, रक्कम न्यूमेरिक)
लँग्वेज एसक्यूएल स्टेबल रोज २०
अ‍ॅज $$
  सिलेक्ट सं.तारीख, सं.सत्र, सं.लिटर, सं.दर, राउंड(सं.लिटर * सं.दर, २)
  फ्रॉम संकलन सं
  व्हेअर सं.सभासद_क्र = प_सभासद
  अँड सं.तारीख बिट्वीन प_पासून अँड प_पर्यंत
  ऑर्डर बाय सं.तारीख, सं.सत्र;
$$;

बोलवायचं असं: सिलेक्ट * फ्रॉम दूध_बिल(११२, '२०२५-०१-०१', '२०२५-०१-१०');

यातला कळीचा भाग ‘रिटर्न्स टेबल’. त्याजागी एखाद्या टेबलाचं नाव किंवा नुसता प्रकार लिहिला आणि ‘सेटऑफ’ विसरला, तर एसक्यूएल भाषेतलं फंक्शन पहिली ओळ देऊन गप्प बसतं. एररही येत नाही. ‘एकच ओळ का येते’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. ‘रिटर्न्स टेबल’मध्ये ‘सेटऑफ’ गृहीतच असतो, वेगळा लिहायचा नसतो.

प्रत्येक इनपुटच्या नावामागे ‘प_’ लावला आहे, तो शोभेसाठी नाही. समजा पहिल्या इनपुटचं नाव सभासद_क्र ठेवलं आणि अटीत सभासद_क्र = सभासद_क्र लिहिलं. एसक्यूएल भाषेतल्या फंक्शनमध्ये कॉलम आणि इनपुट यांचं नाव एकच असेल तर कॉलम जिंकतो. मग अट होते ‘कॉलम बरोबर तोच कॉलम’, म्हणजे कायम खरी, आणि एका सभासदाच्या बिलात अख्ख्या गावाचं दूध येतं. एरर नाही, इशारा नाही. चाचणीच्या डेटाबेसात एकच सभासद असेल तर हे कधी कळणारही नाही, म्हणून चाचणीला कमीत कमी दोन सभासद घ्या.

न्यूमेरिकपुढे (१०,२) असं माप लिहिलं नाही, कारण क्रिएट फंक्शनमध्ये इनपुट आणि परतीच्या प्रकारांपुढची कंसातली मापं पोस्टग्रेस स्वीकारतं आणि टाकून देतं. पैसे दोनच दशांशांत हवे असतील तर क्वेरीत राउंड करा.

‘रोज २०’ (इंग्रजी ‘रो’चं अनेकवचन, म्हणजे २० ओळी; दररोज नव्हे) हा प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाला, दिलेला अंदाज. दहा दिवस, दिवसाला दोन सत्रं. काही लिहिलं नाही तर प्लॅनर १,००० ओळी धरतो. हा नुसता अंदाज आहे, मर्यादा नव्हे. महिन्यातला बिलाचा तिसरा टप्पा कधी अकरा दिवसांचा असतो, फेब्रुवारीत आठ-नऊ दिवसांचा. त्याने काही बिघडत नाही.

फंक्शन उघडं पडतं की बंद राहतं

वरचं फंक्शन फ्रॉममध्ये बोलवलं की प्लॅनर ते खोलतो आणि आतली क्वेरी बाहेरच्या क्वेरीत विणून टाकतो. याला इनलाइन होणं म्हणतात. मग बाहेर ‘व्हेअर सत्र = १’ लिहिलं तर ती अट थेट संकलन टेबलापर्यंत पोचते. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा: प्लॅनमध्ये संकलनचं नाव आणि इंडेक्स दिसला तर फंक्शन उघडलं आहे. ‘फंक्शन स्कॅन ऑन दूध_बिल’ दिसलं तर ते बंद पेटी आहे: आधी सगळ्या ओळी तयार होणार, एका जागी साठणार, मग त्यांवर बाहेरची अट लागणार. अशा वेळी ‘लिमिट ५’ लिहूनही आतलं काम कमी होत नाही.

उघडण्यासाठी लागतं ते असं. भाषा एसक्यूएल हवी आणि आत एकच सिलेक्ट. फंक्शन स्टेबल किंवा इम्यूटेबल, म्हणजे डेटाबेसात काही न बदलणारं, असं जाहीर केलेलं हवं. काहीच लिहिलं नाही तर ते व्होलाटाइल धरलं जातं आणि तिथेच दार बंद होतं. हा एक शब्द गाळल्याने जितकी फंक्शनं मंदावतात तितकी दुसऱ्या कशाने नाही. ‘स्ट्रिक्ट’ नको, ‘सिक्युरिटी डिफायनर’ (फंक्शन मालकाच्या हक्काने चालवणं) नको, फंक्शनला चिकटवलेला, सेटिंग बदलणारा कुठलाही ‘सेट’ नको. बोलवतानाही पथ्य आहे. इनपुटच्या जागी सबक्वेरी दिली, किंवा पुढे ओळींना अनुक्रमांक देणारं ‘विथ ऑर्डिनॅलिटी’ लावलं, तरी इनलाइन होत नाही. शेवटची तारीख दुसऱ्या टेबलातून काढायची असेल तर तिथे सबक्वेरी कोंबण्यापेक्षा ते टेबल फ्रॉममध्ये घेऊन लॅटरल जोड करा, म्हणजे त्या टेबलाच्या प्रत्येक ओळीच्या किमती घेऊन फंक्शन चालेल.

‘स्ट्रिक्ट’ची आणखी एक गंमत. कुठलाही इनपुट नल (किंमतच नसलेला) आला तर असं फंक्शन आत न शिरताच शून्य ओळी देतं. अॅपमध्ये ‘पर्यंत’ची तारीख भरायची राहिली की ‘या सभासदाचं दूधच नाही’ असं चित्र उभं राहतं, आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.

सगळ्या सभासदांसाठी

सिलेक्ट स.क्रमांक, स.नाव, ब.*
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन लॅटरल दूध_बिल(स.क्रमांक, '२०२५-०१-०१', '२०२५-०१-१०') ब ऑन ट्रू
ऑर्डर बाय स.क्रमांक, ब.तारीख, ब.सत्र;

लॅटरल आवृत्ती ९.३ (२०१३) पासून आहे. लेफ्ट जॉइनमुळे ज्यांनी त्या दहा दिवसांत थेंबही घातला नाही, त्यांचीही नावं रिकाम्या रकान्यांसह येतात. साध्या क्रॉस जॉइनमध्ये ती गळतात. फंक्शनच्या आत ऑर्डर बाय असला तरी बाहेर तो पुन्हा लिहायचा. जोड झाल्यावर आतला क्रम टिकेलच याची हमी नसते.

लॅटरल टाळायला ‘सिलेक्ट (दूध_बिल(स.क्रमांक, …)).* फ्रॉम सभासद स’ असं लिहायचा मोह होतो. त्यातली चांदणी फुटते तेव्हा प्रत्येक कॉलमसाठी फंक्शनची एक हाक तयार होते. पाच कॉलम, प्रत्येक सभासदामागे पाच हाका. उत्तर बरोबर येतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

सिलेक्टच्या यादीत अनेक ओळी देणारी दोन फंक्शनं शेजारी ठेवणंही टाळा. आवृत्ती १० पासून ती जोडीने चालतात, जे आधी संपेल त्याच्या जागी नल येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत ओळींची संख्या दोघांच्या लघुतम साधारण विभाज्याइतकी व्हायची. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येताना एखादा अहवाल अचानक छोटा झाला, तर इथे पाहा.

दुसरा मार्ग: पीएलपीजीएसक्यूएल आणि रिटर्न क्वेरी

पीएलपीजीएसक्यूएल ही पोस्टग्रेसची इफ, लूप असलेली भाषा. एका सिलेक्टमध्ये काम भागत नाही तेव्हाच इकडे या. ‘आधी दुधाच्या ओळी, त्या नसतील तर तिथेच थांब, असतील तर खाली कपातीच्या ओळी’ असा निर्णय घ्यायचा आहे, समजा. ‘कपाती’ या टेबलात सभासद_क्र, तारीख, कारण, रक्कम आहेत असं धरू.

क्रिएट फंक्शन पूर्ण_बिल (प_सभासद इंटिजर, प_पासून डेट, प_पर्यंत डेट)
रिटर्न्स टेबल (क्रम इंटिजर, तारीख डेट, तपशील टेक्स्ट, रक्कम न्यूमेरिक)
लँग्वेज पीएलपीजीएसक्यूएल स्टेबल
अ‍ॅज $$
बिगिन
  रिटर्न क्वेरी
    सिलेक्ट १, द.तारीख, 'दूध', द.रक्कम
    फ्रॉम दूध_बिल(प_सभासद, प_पासून, प_पर्यंत) द;
  इफ नॉट फाउंड देन
    रिटर्न;
  एंड इफ;
  रिटर्न क्वेरी
    सिलेक्ट २, क.तारीख, क.कारण::टेक्स्ट, -क.रक्कम
    फ्रॉम कपाती क
    व्हेअर क.सभासद_क्र = प_सभासद
    अँड क.तारीख बिट्वीन प_पासून अँड प_पर्यंत;
एंड;
$$;

‘रिटर्न क्वेरी’ या नावाने फसगत होते. दुसऱ्या भाषांतून आलेल्या माणसाला रिटर्न म्हणजे ‘संपलं, बाहेर पडा’ असं वाटतं. इथे त्याचा अर्थ ‘या ओळी परतीच्या टोपलीत टाक आणि पुढे चल’ एवढाच. बाहेर पडायला कोरा ‘रिटर्न;’ लागतो. ‘आधी हे, ते नसेल तर दुसरं’ या हेतूने लागोपाठ दोन रिटर्न क्वेरी लिहिल्या, मधे कोरा रिटर्न नाही, की दोन्हींच्या ओळी एकत्र येतात आणि बिल दुप्पट होतं. रिटर्न क्वेरीने ‘फाउंड’ (ओळ मिळाली की नाही हे सांगणारा व्हेरिएबल) लागतो, वर त्याचाच उपयोग केला आहे. ओळींची संख्या हवी असेल तर ‘गेट डायग्नॉस्टिक्स’ने रो_काउंट घ्या.

नुसतं ‘सिलेक्ट …;’ लिहिलं आणि त्याआधीचे ‘रिटर्न क्वेरी’ हे दोन शब्द विसरलात, तर फंक्शन तयार होतं पण चालवताना ‘क्वेरी हॅज नो डेस्टिनेशन फॉर रिझल्ट डेटा’ असं म्हणतं. एररखालची सूचना परफॉर्म वापरा म्हणते. ती ऐकू नका. परफॉर्म निकाल फेकून देतो; तुम्हाला तो परत करायचा आहे.

आता नेहमीचे दोन एरर, सावकाश. पहिला ‘कॉलम रेफरन्स तारीख इज अँबिग्युअस’. ‘रिटर्न्स टेबल’मध्ये लिहिलेलं प्रत्येक नाव पीएलपीजीएसक्यूएलमध्ये आपोआप व्हेरिएबल बनतं. मग आतल्या क्वेरीत नुसतं ‘तारीख’ लिहिलं तर ते टेबलातलं की व्हेरिएबल, हे ठरत नाही. फंक्शन तयार करताना हा एरर येत नाही, ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा येतो. इफच्या आत दडलेली ओळ महिनाभराने पहिल्यांदा चालली तर महिनाभराने. उपाय: आत प्रत्येक कॉलमला टेबलाचं टोपणनाव लावा, क.तारीख, सं.तारीख असं. एका जागी मात्र ते चालत नाही: इन्सर्टमधल्या ‘ऑन कॉन्फ्लिक्ट (तारीख)’च्या कंसात टोपणनाव लिहिता येत नाही. तिथे कॉन्स्ट्रेंटचं नाव द्या, किंवा डिक्लेअरच्याही वर, फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीवर, ‘#व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट यूज_कॉलम’ लिहा.

दुसरा ‘स्ट्रक्चर ऑफ क्वेरी डझ नॉट मॅच फंक्शन रिझल्ट टाइप’. खालच्या तपशिलाच्या ओळीत कितव्या कॉलमचा कोणता प्रकार जुळला नाही ते लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. रिटर्न क्वेरी प्रकारांच्या बाबतीत कडक आहे, स्वतःहून बदलून घेत नाही. जाहीर टेक्स्ट केलं आणि सभासदाचं नाव व्हारकार आलं, तरी अडतं. म्हणूनच वर क.कारण::टेक्स्ट. काउंटचं उत्तर बिगइंट येतं, इंटिजर नव्हे. इंटिजरची बेरीज बिगइंट, बिगइंटची बेरीज न्यूमेरिक. आणि रिकाम्या दिवसांच्या ओळी भरायला जनरेट_सिरीज वापरली, तर दोन डेट आणि ‘१ दिवस’ हे अंतर दिल्यावर ती डेट नाही, टाइमझोनसह टाइमस्टँप देते. ::डेट लावावं लागतं. कॉलमांचा क्रमही जुळायला हवा, जुळणी नावाने होत नाही, जागेने होते. लिटर आणि दर दोन्ही न्यूमेरिक असल्याने त्यांची अदलाबदल झाली तर एररही येणार नाही.

टेबलाचं किंवा कॉलमचं नाव चालवताना ठरणार असेल तर ‘रिटर्न क्वेरी एक्झिक्यूट’. नावं फॉरमॅटच्या टक्के-आयने (%I) घाला, किमती ‘यूजिंग’ने पाठवा. किमती मजकुरात चिकटवल्या की इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्या माणसाने आपली आज्ञा क्वेरीत घुसवण्याला, आमंत्रण. टक्के-आय देवनागरी नावांना दुहेरी अवतरण लावतो, पण देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्याने अवतरणासह आणि अवतरणाविना नाव एकच राहतं. इंग्रजी नावांचं जे त्रांगडं होतं ते इथे नाही.

तिसरा मार्ग: रिटर्न नेक्स्ट

एकेक ओळ हाताने घडवायची तेव्हा हा. चपखल उदाहरण पशुखाद्याच्या उधारीचं. सभासदाकडे काही बाकी आहे, प्रत्येक बिलातून जास्तीत जास्त निम्मी रक्कम कापायची, उरलेली पुढच्या बिलावर न्यायची. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अवलंबून आहे. ‘बिले’ या टेबलात सभासद_क्र, तारीख, रक्कम आहेत असं धरू.

क्रिएट फंक्शन कपात_तक्ता (प_सभासद इंटिजर, प_बाकी न्यूमेरिक)
रिटर्न्स टेबल (बिल_तारीख डेट, बिल न्यूमेरिक, कपात न्यूमेरिक, उरलेली न्यूमेरिक)
लँग्वेज पीएलपीजीएसक्यूएल स्टेबल
अ‍ॅज $$
डिक्लेअर
  ओळ रेकॉर्ड;
बिगिन
  उरलेली := प_बाकी;
  फॉर ओळ इन
    सिलेक्ट ब.तारीख, ब.रक्कम फ्रॉम बिले ब
    व्हेअर ब.सभासद_क्र = प_सभासद
    ऑर्डर बाय ब.तारीख
  लूप
    एक्झिट व्हेन उरलेली <= ०;
    बिल_तारीख := ओळ.तारीख;
    बिल := ओळ.रक्कम;
    कपात := लीस्ट(राउंड(ओळ.रक्कम / २, २), उरलेली);
    उरलेली := उरलेली - कपात;
    रिटर्न नेक्स्ट;
  एंड लूप;
एंड;
$$;

बाकी ३,००० आणि लागोपाठची बिलं २,१००, १,८००, २,४०० असतील, तर तीन ओळी येतात. पहिलीत कपात १,०५०, उरले १,९५०. दुसरीत ९००, उरले १,०५०. तिसऱ्या बिलाचे निम्मे १,२०० होतात, पण बाकीच १,०५० असल्याने तेवढेच कापले जातात आणि उरते शून्य. चौथं बिल असलं तरी ओळ येत नाही. कोडला हात लावण्याआधी असा तक्ता कागदावर मांडून ठेवा, चाचणीला तोच पुरतो.

‘रिटर्न नेक्स्ट’पुढे काहीच लिहिलेलं नाही, कारण परतीचे कॉलम व्हेरिएबलच आहेत, त्या क्षणी त्यांत जे असेल त्याची ओळ बनते. ती ओळ टाकल्यावर व्हेरिएबलं कोरी होत नाहीत. वर ‘उरलेली’ पुढे नेण्यासाठी आपण याचाच फायदा घेतला. पण एखादा कॉलम फक्त इफच्या आत भरत असाल, तर अट न जुळलेल्या ओळीत मागच्या ओळीची किंमत तशीच दिसेल. एकाची कपात दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार. लूपच्या सुरुवातीला असे कॉलम नल करा.

रिटर्न नेक्स्ट असो की रिटर्न क्वेरी, पीएलपीजीएसक्यूएल सगळ्या ओळी जमल्यावरच बाहेर सोडतं. पहिली ओळ तयार झाली म्हणून आधी मिळत नाही. साठा वर्क_मेमच्या (अशा कामाला दिलेल्या मेमरीच्या मर्यादेच्या) बाहेर गेला की डिस्कवर उतरतो, आणि वर्क_मेम मुळात ४ एमबीच असतो. वीस ओळींच्या बिलाला याचं काही नाही. पाच वर्षांचं सगळं संकलन निर्यात करणारं फंक्शन असेल तर मात्र हा मार्गच चुकीचा. तिथे पहिला मार्ग घ्या, किंवा साधी क्वेरी कर्सरने टप्प्याटप्प्याने वाचा. रेफकर्सर परत करणारं फंक्शनही लिहिता येतं, पण तो कर्सर ट्रान्झॅक्शन संपताच मिटतो. ऑटोकमिट चालू ठेवून बोलवलं तर हातात नुसतं नाव उरतं.

सेटऑफ टेबल आणि सेटऑफ रेकॉर्ड

‘रिटर्न्स सेटऑफ संकलन’ लिहिलं तर त्या टेबलाच्या रचनेच्या ओळी परत येतात, कॉलम पुन्हा लिहावे लागत नाहीत. आतमध्ये ‘सिलेक्ट सं.*’ ठेवा. कॉलम मोजून लिहिलेत तर उद्या टेबलात एक वाढला की फंक्शन मोडेल. अहवालापेक्षा ‘या टेबलातल्या अमुक ओळी’ अशा गाळणीला हा प्रकार शोभतो.

‘सेटऑफ रेकॉर्ड’ शक्यतो नको. बोलवणाऱ्याला दर वेळी कॉलमांची यादी प्रकारांसह द्यावी लागते, नाहीतर ‘अ कॉलम डेफिनिशन लिस्ट इज रिक्वायर्ड’. फंक्शनचा त्रास त्याच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या गळ्यात बांधण्यातला प्रकार.

बदल करताना

बिलात फॅटचाही रकाना हवा झाला. क्रिएट ऑर रिप्लेस चालवलं, तर ‘कॅनॉट चेंज रिटर्न टाइप ऑफ एक्झिस्टिंग फंक्शन’. परतीचे कॉलम बदलायचे तर आधी ड्रॉप करावं लागतं, आणि ड्रॉपबरोबर त्यावर दिलेल्या परवानग्याही जातात. पोस्टग्रेसमध्ये अशा आज्ञाही ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात, तेव्हा बिगिन, ड्रॉप, क्रिएट, रिव्होक, ग्रँट, कमिट असं एका दमात करा. मधे काही फसलं तर जुनं फंक्शन जागेवरच राहतं. त्या फंक्शनवर एखादा व्ह्यू बेतलेला असेल तर ड्रॉप अडतो. ‘कॅस्केड’ लिहिण्याआधी कोणता व्ह्यू जाणार ते एररच्या तपशिलात वाचा.

इनपुट वाढवताना उलटा धोका. डीफॉल्ट किमतीचा चौथा इनपुट घालून क्रिएट ऑर रिप्लेस केलं, तर एरर येत नाही, जुन्याशेजारी त्याच नावाचं दुसरं फंक्शन उभं राहतं. मग तीन इनपुट देऊन केलेली जुनी हाक दोन्हींपैकी कोणाकडे जायची हे ठरत नाही, आणि ती ‘फंक्शन इज नॉट युनिक’ म्हणून अडते. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात बॅकस्लॅश-डीएफ देऊन एका नावाच्या किती ओळी दिसतात ते पाहा.

नवीन फंक्शन चालवायची परवानगी मुळात सगळ्यांना असते. सभासदांचे पैसे दाखवणाऱ्या फंक्शनवरून ती पब्लिककडून काढून घेऊन हव्या त्या रोललाच द्या. वरच्या क्रमातला रिव्होक त्यासाठीच.

बिलं ‘दिलेली’ म्हणून खूण करून त्याच ओळी परत द्यायच्या असतील, तर ‘रिटर्न क्वेरी अपडेट … रिटर्निंग …’ चालतं. त्यासाठी फंक्शन व्होलाटाइल असायला हवं. सवयीने स्टेबल लिहिलं तर ‘अपडेट इज नॉट अलाउड इन अ नॉन-व्होलाटाइल फंक्शन’ म्हणून अडेल. असं फंक्शन लॅटरल जोडीत घालू नका, स्वतंत्रपणे एकदाच बोलवा.

दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर

मायएसक्यूएलमध्ये हे फंक्शनने होतच नाही, एरर १४१५ येतो. तिथे प्रोसिजरमध्ये सिलेक्ट लिहून निकाल घ्यायचा, आणि तो निकाल दुसऱ्या क्वेरीच्या फ्रॉममध्ये वापरता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इनलाइन टेबल फंक्शन म्हणजे आपला पहिला मार्ग आणि मल्टिस्टेटमेंट म्हणजे बंद पेटी, फरक तोच. ओरॅकलमध्ये पाइपलाइन्ड फंक्शन ‘पाइप रो’ने ओळ घडताच बाहेर सोडतं, जे पीएलपीजीएसक्यूएल करत नाही. ओरॅकलवरून आलेलं असं फंक्शन रिटर्न नेक्स्टमध्ये शब्दाला शब्द उतरवलं तर उत्तरं जुळतात, पण ‘पहिल्या पाच ओळी दे’ म्हटल्यावर ओरॅकल पाचावर थांबायचं आणि पोस्टग्रेस शेवटच्या ओळीपर्यंत राबतं.